शिडीची मतं

नाशिक
८ ऑगस्ट २००४

प्रिय क्लेमेंटीनमावशी,

नमस्कार. मी लतिका, शांतारामभाऊंची धाकटी मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुमच्या अंगणातल्या केळीच्या पानांवर बसून चिखल केला म्हणून तुम्ही मला रागावला होतात.

तुमच्या गावचे ॲन्सेल्म इथे बँकेत आहेत. तुम्ही खुशाल आहात हे त्यांच्याकडून कळलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, पण शेजारच्या मार्था टीचर पत्र वाचून दाखवतात आणि तुम्ही सांगाल ते लिहून देतात, असं ते म्हणाले. म्हणून लिहिण्याचं धाडस करते.

ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आहे. आमच्या गल्लीत रोज एक नवा फलक लागतो. एकाही चेहऱ्यावर विश्वास बसत नाही. बाबांसारखा माणूस कधी काळी मतं मागत सायकलवरून फिरत होता हे माझ्या मुलांना खोटं वाटतं. म्हणून मी त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढते आहे. २ ऑक्टोबरला प्रकाशन. मजकूर २५ सप्टेंबरला छापखान्यात जाईल.

१९६२ च्या निवडणुकीचं प्रकरण अडलं आहे. बाबा अपक्ष उभे होते, चिन्ह शिडी. एकशे सात मतांनी पडले. आई सांगायची की सगळ्या गावांनी साथ दिली, फक्त तुमच्या गावाने दगा दिला. समोरच्या उमेदवाराने घरोघर पितळी तांबे वाटले आणि गाव फिरलं. त्यानंतर बाबांनी वसई सोडली, आम्ही नाशिकला आजोळी आलो आणि चार वर्षांत ते गेले. हे मी लिहिणार आहे. त्या गावात एकट्या तुम्हीच बाबांशी प्रामाणिक राहिलात, हेही नावानिशी लिहिणार आहे. तुम्ही गावातल्या बायकांना मतदान शिकवत होतात ना? त्या दिवसांचं तुम्हाला जे आठवतं ते सांगा.

तुमची
लतिका


वसई
१९ ऑगस्ट २००४

लतिका पोरी,

तुझं पत्र मार्थाने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा ती चहा पीत वाचत होती. आधीच सांगते, मी घरच्या बोलीत बोलते आणि ही शाळेच्या मराठीत लिहिते. त्यामुळे पत्रात मी आहे त्यापेक्षा शहाणी वाटेन. फसू नकोस.

केळीच्या पानांवर तू बसली नव्हतीस, नाचली होतीस. चाळीस पानं होती, दुसऱ्या दिवशी लग्नाला जायची होती. तुझे बाबा म्हणाले, "क्लेमेंटीनबाई, तिला रागावू नका, मला रागवा." मग मी त्यांना रागावले. ते ऐकून घेत उभे राहिले. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस गप्प ऐकून घेतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतर पुन्हा पाहिलं नाही.

परवा एक उमेदवार येऊन गेला. चार गाड्या, आणि पुढे ढोल. माझ्या पाया पडायला वाकला, पण गुडघ्यापर्यंतच आला. तिथून खाली जायला त्याला वेळ नव्हता. म्हणाला, "आजी, आशीर्वाद द्या." मी म्हटलं, बाबा, आमच्या विहिरीचं पाणी टँकरने विरारच्या बिल्डिंगांना जातं, तेवढं बघ. तो म्हणाला, बघतो. आणि खरंच विहिरीत वाकून बघून गेला.

भाऊ यायचे तेव्हा सायकल फणसाला टेकवायचे. माझे ज्युलियस तेव्हा हयात होते. दोघे ओट्यावर बसून बोलायचे आणि मी आतून ऐकायचे. मुलींची शाळा होईल, नळ येईल, वाडीचा माल आपणच मुंबईला नेऊन विकू. नवीन राज्य झालं होतं, सगळ्यांना वाटायचं आता होईल. शाळा झाली, मार्था तिथेच शिकवते. नळ आला, त्यात पाणी येतं एक दिवसाआड. पण ते बोलायला लागले की मला नळातून पाणी पडल्याचा आवाज यायचा. आताच्या माणसांच्या बोलण्यातून ढोलाचाच आवाज येतो.

मला अक्षरं शिकवायची त्यांना फार हौस. पाटीवर 'क' काढून म्हणायचे, हा तुमच्या नावातला. मी म्हणायचे, तुम्ही वाचा, मी ऐकते, दोघांचं काम होतं. आता माझा मुलगा लेस्ली मस्कतला, त्याची टिफनी तिकडून मला पत्र लिहिते, आणि माझ्या नातीने मला काय लिहिलंय ते आधी मार्थाला कळतं.

गावाने दगा दिला ते लिहू नकोस. बाकी सगळं लिही. आणि माझंही नाव घालू नकोस. म्हाताऱ्या माणसाला उगाच गर्व होतो.

तुझी
क्लेमेंटीनमावशी


नाशिक
२९ ऑगस्ट २००४

प्रिय मावशी,

तुमचं पत्र वाचून घरात सगळे हसले. विहिरीत वाकून बघणारा उमेदवार माझ्या मुलीने कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगितला.

पण दग्याचं लिहू नको असं का म्हणता? तुम्ही गावाला सांभाळून घेता हे मला समजतं. तुम्हाला तिथेच राहायचं आहे. पण मी बेचाळीस वर्षं वाट पाहिली. बाबा इथे आले ते एक वेगळेच गृहस्थ होऊन. मामाच्या वखारीत हिशेब लिहायचे, संध्याकाळी खिडकीत बसायचे. निवडणुकीचं कोणी काढलं की उठून आत जायचे. वसईची माणसं भेटायला यायची, तुमच्या गावचं कोणी आलं नाही. आई म्हणायची, कुठल्या तोंडाने येतील?

तो परिच्छेद पाठवते. मार्था टीचर, तुम्ही त्यांना वाचून दाखवा:

"पितळी तांब्यांच्या मोहाने एका गावाने आपला शब्द विकला. त्या एका गावाची मतं मिळाली असती तर भाऊ निवडून आले असते. या गावातून केवळ एक स्त्री, श्रीमती क्लेमेंटीन, अखेरपर्यंत निष्ठावान राहिली."

यात काही चूक असेल तर सांगा. तांबे वाटले नव्हते का? २० सप्टेंबरपर्यंत कळलं नाही तर मी हे असंच छापायला देईन. तुमचं नाव मात्र मी काढणार नाही. एवढा अधिकार मला असू द्या.

तुमची
लतिका


वसई
१० सप्टेंबर २००४

लतिका पोरी,

मार्थाला निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. त्या मशीनचं प्रशिक्षण घ्यायला ती दोन दिवस माणिकपूरला जात होती, म्हणून पत्र राहिलं. हे एक कारण. दुसरं कारण असं, की ती रोज विचारायची, "काकी, उत्तर लिहायचं ना?" आणि मी म्हणायचे, आज माझं डोकं दुखतंय.

तुझा परिच्छेद तिने वाचला. वाचताना तिचा आवाज कसा झाला ते तुला ऐकू आलं नाही, मला आलं. तिची आई इनास माझी मैत्रीण. तांब्यावरून सगळ्यात जास्त बोलणी तिने खाल्ली. ती बाजारात भाजी घेऊन बसायची ना. दुसऱ्या गावच्या बायका येऊन विचारायच्या, "काय इनासबाई, नवीन तांब्यात पाणी गार राहतं का?" पुढे ती माणिकपूरच्या बाजाराला जायची बंद झाली. टोपली डोक्यावर घेऊन पार पापडीपर्यंत चालत जायची.

तुला जे हवंय ते सांगायचं तर मला आधी मार्थाला सांगावं लागतं. ज्याला लिहिता येतं त्याला हे कळणार नाही. तो कागदाला सांगतो, पाकीट चिकटवतो, सुटतो.

(एवढं सांगून काकी ओट्यावर जाऊन बसल्या आहेत. मी थांबले आहे. — मार्था)

लिही. तांबे आले होते, हे खरं. आम्ही घेतलेही. मीच बायकांना म्हटलं होतं, तांब्या त्यांचा ठेवा, मत भाऊंना द्या. आणि त्यांनी दिलं. एकशे एकतीस बायका होत्या. एकही फिरली नाही. ती मतं वाया गेली, आणि ती मी वाया घालवली.

त्याच्या आधीच्या निवडणुकीत प्रत्येकाची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकला की झालं. तेव्हा साहेबाने बोटाला शाई लावली होती. ती कशाला, ते मला कळलं नव्हतं. बासष्टला सांगितलं की पेटी एकच, कागदावर सगळी चिन्हं छापलेली, आपल्या चिन्हावर खूण करायची. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे ती शाई याचसाठी. कशी छान जुळली गोष्ट. मी सगळ्यांना माझ्या ओट्यावर बसवून शिकवलं, साहेब शाई लावील, ती पुसू नका, वाळू देऊ नका, तशाच आत जा आणि ओलं बोट शिडीवर टेकवा. आत दोरीला बांधलेला शिक्का असेल, तो सरकारी आहे, त्याला हात लावू नका. पिठात बोट बुडवून सगळ्यांकडून सराव करून घेतला. इनासचं बोट थरथरायचं, तिच्याकडून दहा वेळा.

शिक्का नसेल तर मत बाद, हे मला पाच वर्षांनी कळलं. सदुसष्टला एक सरकारी बाई खोटी मतपत्रिका घेऊन शाळेत समजावायला आली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं.

आणि अजून एक आहे. भाऊंनी मला छापलेलं पत्रक दिलं होतं, मत कसं द्यायचं त्याचं. मतदानाच्या आदल्या आठवड्यात विचारलं, "बाई, पत्रक कोणाकडून वाचून घेतलंत ना?" मी म्हटलं, हो, सगळं कळलं. वाचून घेतलं नव्हतं. गावात वाचणारे होते. इनासची मुलगी बारा वर्षांची, सातवीत होती, फाडफाड वाचायची. पण मी बायकांची मास्तरीण झाले होते. एवढ्याशा पोरीपुढे कागद घेऊन कशी जाऊ?

ती पोरगी आत्ता माझ्यासमोर बसून हे लिहिते आहे.

*

१५ सप्टेंबर

लतिकाताई, हे मी माझं लिहिते. वरची ओळ लिहून मी पेन ठेवलं आणि घरी गेले. आज पाचव्या दिवशी आले.

माझ्या आईने तिच्या लग्नातला तांब्या विहिरीत टाकला होता. तो नवीन नव्हता, तिच्या माहेरचा होता. मी काठावर उभी होते, का टाकतेस विचारलं तर म्हणाली, पितळ नको घरात. ती अठ्ठ्याऐंशी साली गेली. ती जाईपर्यंत तिला वाटायचं की दुसऱ्या कोणीतरी बायका फिरल्या असतील. तिच्या मैत्रिणींपैकीच कोणीतरी. ती त्यांच्याकडे बघायची तशी मी कोणाकडे बघितलं नाही.

पाच दिवस काकींनी दुसऱ्या कोणाला लिहायला बोलावलं नाही. पत्र अर्धवट टेबलावर तसंच होतं, वर पाण्याचा पेला ठेवलेला. मी आले तर म्हणाल्या, "पुढचं मी पाठ करून ठेवलंय." ते खाली लिहिते. — मार्था

*

लतिका, पुढचं थोडंच आहे. सदुसष्टनंतर मी मत दिलेलं नाही. दर वेळी त्या दिवशी माझं काही ना काही दुखतं. गावात कोणाला सांगितलं नाही. ज्युलियसलाही नाही. आधी वाटलं भाऊंना सांगू, ते नव्हते. मग वाटलं इनासला सांगू. रोज वाटायचं उद्या. तिच्या मयताला मी दोन दिवस तिच्या घरी भांडी घासत होते.

तुझ्या पुस्तिकेत माझं नाव निष्ठावान म्हणून आहे. ते काढ. त्या जागी हे घाल. भाऊंना माझा राग आला असेल. त्यांनी परत या वाटेला सायकल आणली नाही, त्यावरून मला तेव्हाच वाटलं होतं की काहीतरी माझ्याकडून झालंय.

क्लेमेंटीन


नाशिक
२९ सप्टेंबर २००४

क्लेमेंटीनमावशी,

तुमचं पत्र १८ तारखेला मिळालं. पहिले दोन दिवस ते मी पुन्हा उघडलं नाही. खरं सांगायचं तर तुमचा संताप आला. माझी आई तुमच्या गावाला शिव्या देत गेली. त्या शिव्यांवर मी वाढले. आता त्यांचं काय करू?

मग इथल्या एका निवृत्त तहसीलदारांकडे गेले. त्यांना विचारलं, मोजणीच्या वेळी बाद मतपत्रिका कोणाला दाखवतात का? ते म्हणाले, उमेदवार टेबलाशी हजर असेल तर त्याला दाखवूनच बाजूला ठेवतात. बाबा हजर होते. आई सांगायची की दिवसभर ते एका जागी उभे होते, पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणजे त्यांनी पाहिलं, मावशी. एकामागून एक कागद, आणि प्रत्येक शिडीवर बोटाचा ठसा. ही कोणाच्या हाताखाली शिकलेली बोटं आहेत, हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तिने तुमच्या गावाला नावं ठेवली की ते उठून आत जायचे. त्यांना दुःख होतंय, असं आम्ही समजायचो.

राग आला म्हणून ते तुमच्याकडे आले नाहीत असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, ते तुमच्यासमोर येऊन उभे राहिले असते तर तुम्ही त्यांच्या तोंडावरून सगळं ओळखलं असतं, म्हणून आले नसतील. पण हे माझं वाटणं. त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी सगळ्या वह्या पुन्हा चाळल्या.

आणि दुसरंही दिसतं, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांनी एका बाईला झाकलं आणि एक अख्खं गाव बोलणी खात राहिलं. मार्था टीचर, तुमच्या आईंबद्दल वाचलं तेव्हापासून मी बाबांच्या फोटोकडे नीट बघितलेलं नाही.

छपाई थांबवली आहे. २ तारखेचा कार्यक्रम रद्द केला. पुस्तिका आता डिसेंबरात त्यांच्या पुण्यतिथीला काढीन. दग्याचा परिच्छेद काढला. पण तिथे काय घालू, मला सुचत नाही. बासष्टच्या पानावर आत्ता काहीच नाही. तुम्ही सांगा.

लतिका


वसई
१० ऑक्टोबर २००४

लतिका पोरी,

तुझ्या पत्रातलं "म्हणजे त्यांनी पाहिलं, मावशी" इथपर्यंत मार्थाने वाचलं आणि मी तिला थांबवलं. बाकीचं दुसऱ्या दिवशी ऐकलं. बेचाळीस वर्षं मी ठरवून ठेवलं होतं की त्यांना माहीत नव्हतं. ते सोयीचं होतं. आता ते मोजणीच्या टेबलाशी उभे आहेत आणि माझ्या पिठातल्या शाळेचा निकाल बघताहेत, हे डोळ्यांपुढून जात नाही. तू त्यांच्या फोटोकडे बघ. त्यांना एकाला वाचवायचं होतं, दुसरं सुचलं नसेल. चांगल्या माणसांना एका वेळी एकच गोष्ट जमते. वाईट माणसं चार गाड्या घेऊन फिरतात.

गेल्या रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर मी देवळाबाहेर सगळ्यांना थांबवलं. फादरना म्हटलं, तुमचं झालं, आता माझं ऐका. पिंपळाखालच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कोणी बोलेल, कोणी थुंकेल, निदान एखादी तरी तरातरा निघून जाईल. तरुण पोरांनी विचारलं, "आजी, शांतारामभाऊ कोण?" बिल्डिंगीतली नवीन माणसं घड्याळ बघत होती. एकाने तर टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं मी कोणाच्या तरी प्रचाराला उभी आहे.

त्या एकशे एकतीस बायकांपैकी चार उरल्या आहेत. एकीला आता काही आठवत नाही. दुसरी मुलाकडे मनवेलपाड्याला, चौथ्या मजल्यावर, खाली उतरत नाही. तिसरी तिथे होती. ती जवळ आली, माझं बोट हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "तू आम्हाला दहा-दहा वेळा करायला लावलंस गं. माझं पहिल्याच वेळी बरोबर आलं होतं." एवढंच म्हणाली आणि रिक्षाने घरी गेली. चौथी मी.

लतिका, मी इतकी वर्षं घाबरले ते कोणाला, ते मला त्या बाकावर बसून कळेना. ज्यांना घाबरत होते ती सगळी आधीच निघून गेली होती. मला रागवायला तरी कोणीतरी उरायला हवं होतं. तू उरलीस, मार्था उरली. मार्था रोज येते, पण अजून पूर्वीसारखी माझ्या हातचा चहा घेत नाही. घरून पिऊन येते. हे तिला लिहायचं नव्हतं, मी लिहायला लावलं.

मार्था उद्या ड्यूटीच्या तयारीला जाईल. तेरा तारखेला मतदान आहे. मी जाणार आहे. कोणाला द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. जितके आले त्यांतल्या कोणाचा आवाज नळासारखा नाही, पण एक बाई उभी आहे, ती निदान ढोल न लावता आली. मशीनचं बटण कसं दाबायचं ते मी मार्थाकडून शिकून घेतलं. पत्रकही तिच्याकडून वाचून घेतलं, शब्दन्‌शब्द. ती म्हणाली, "काकी, एकदा पुरे." मी म्हटलं, दोनदा वाच.

तुझ्या रिकाम्या पानासाठी एक गोष्ट पाठवते. तीन संध्याकाळी बसून मी त्या बायकांची नावं मार्थाला सांगितली. घराच्या क्रमाने गेले, तळ्यापासून समुद्रापर्यंत, मग ओट्यावर कोण कुणाशेजारी बसायची तसं. एकशे चार आठवली. सत्तावीस काही केल्या आठवत नाहीत. त्यांची मतं मी दुसऱ्यांदा घालवली. मत गुप्त असतं म्हणतात, पण या बायकांना आता कोणापासून काय लपवायचंय. ती सगळी नावं छाप. वर एवढंच लिही, की या बायकांनी शांतारामभाऊंना मत दिलं. का मोजलं गेलं नाही, ते खाली माझ्या नावाने लिही, वाचणाऱ्याला समजेल असं.

इनासचं नाव मार्थाने स्वतःच पहिलं लिहिलं. माझ्या सांगण्यात ते बाराव्या घरी होतं, पण मी ते तसंच राहू दिलं. माझं सगळ्यांत शेवटी आहे. त्या दिवशीही मी एकेकीला पुढे काढत रांगेच्या शेवटी उभी होते. माझी पाळी आली तेव्हा बोटावरची शाई वाळू नये म्हणून मी तोंडाने फुंकरसुद्धा घातली नाही.

तुझी
क्लेमेंटीनमावशी